जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतील यांत्रिक स्पीडोमीटर: केबल पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष कुठे शोधावा

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये स्पीडोमीटरची तक्रार बहुतेक वेळा ठरावीक क्रमाने वाढत जाते. आधी कमी वेगाला काटा थरथरू लागतो, मग डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येऊ लागते, आणि शेवटी काटा शून्यावर जाऊन बसतो तो उठतच नाही. केबल सोडवून पाहिली की आतली तार तुटलेली सापडते. नवी केबल बसवल्यावर मीटर पुन्हा चालू होते आणि काम झाले असे वाटते, पण थोड्याच काळात तीच तार पुन्हा तुटते. ज्यांच्या गाडीत असे एकापेक्षा अधिक वेळा घडले आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहे. तुटलेली तार हाती आली म्हणजे तपास आता कुठे सुरू झाला असे समजावे. त्या तारेवर नको तेवढा भार कुठून तरी आलेला असतो, आणि तो भार कुठून आला हे न शोधता नवी तार बसवली तर तीही टिकणार नाही.

तपासाला हात घालण्यापूर्वी या यंत्राची रचना डोळ्यांसमोर असावी, कारण निम्मे निदान त्या रचनेतच आहे. बहुतेक जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या आउटपुट शाफ्टवर एक वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) बसवलेला असतो. त्याच्याशी जुळलेला एक लहान पिनियन (दातेरी चाक), जो अनेकदा नायलॉनचा असतो, शाफ्टबरोबर फिरतो आणि त्याच्या चौकोनी छिद्रात केबलच्या आतल्या तारेचे चौकोनी टोक बसते. तारेचे दुसरे टोक मीटरच्या पाठीमागच्या स्पिंडलमध्ये शिरते. मीटरच्या आत हा स्पिंडल एक चुंबक फिरवतो, आणि चुंबकाभोवती, त्याला कुठेही न टेकता, ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबक फिरतो त्याच दिशेने फिरवू पाहतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. आणि या दोन बलांचा जिथे तोल साधतो तिथे वाटीला जोडलेला काटा थांबतो. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये या तत्त्वावरील मीटरचे पेटंट घेतले, आणि पुढे अनेक दशके जगभरच्या गाड्यांत हीच रचना राहिली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. किलोमीटर मोजणारा ओडोमीटर या चुंबकाच्या खेळात मुळीच नसतो. तो त्याच स्पिंडलवरून, पण दातेरी चाकांनी थेट फिरवला जातो. म्हणजे केबलपासून स्पिंडलपर्यंतचा मार्ग दोघांना समाईक आहे आणि त्यापुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. त्यामुळे कोणते अवजार हाती घेण्याआधी गाडी थोडी चालवून काटा आणि आकडे या दोन्हींकडे वेगवेगळे पाहावे.

काटा आणि ओडोमीटर दोन्ही बंद असतील तर दोष समाईक मार्गात, म्हणजे पिनियन, केबल किंवा मीटरचा स्पिंडल यांपैकी कुठेतरी आहे. आकडे पुढे सरकत आहेत पण काटा हलत नाही, किंवा मनमानी करतो, तर केबल निर्दोष आहे आणि बिघाड मीटरच्या आत चुंबक, वाटी किंवा स्प्रिंगमध्ये आहे. उलट काटा व्यवस्थित चालतो पण आकडे थांबले आहेत, तर ओडोमीटरचे एखादे दातेरी चाक तडकले आहे किंवा आपल्या दांड्यावर नुसते घसरते आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत केबल बदलणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि तो खर्च संपूर्ण वाया जातो.

काटा थरथरतो तेव्हा तो कसा थरथरतो हेही पाहावे. कमी वेगाला झटके देणारा आणि वेग वाढल्यावर शांत होणारा काटा बहुधा कोरड्या किंवा किंचित वाकलेल्या तारेमुळे तसा वागतो: तार आवरणात एका जागी अडते, तिच्यात पीळ साठतो, आणि मग ती एकदम सुटते. वेग वाढल्यावर हे झटके इतके जवळजवळ येतात की काट्याला ते दिसण्याइतका अवधी मिळत नाही. म्हणून वेगात काटा स्थिर असला तरी तार ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये. काटा झपकन टोकापर्यंत जाऊन तिथेच अडकत असेल, तर मीटरमध्ये ग्रीस किंवा तेल शिरून वाटी चुंबकाला चिकटू लागली आहे अशी दाट शंका घ्यावी. गाडी थंड असताना डॅशबोर्डमागून किंचाळल्यासारखा आवाज येणे आणि गाडी तापल्यावर तो थांबणे, हे मीटरच्या स्पिंडलचा बुश (स्पिंडल ज्यात फिरतो ती छोटी नळी) कोरडा पडल्याचे लक्षण आहे. या आवाजाकडे दुर्लक्ष केले तर पुढे तार तुटते, असा अनुभव वारंवार येतो.

केबल वरून सोडवा आणि गाडी ढकला

पहिली प्रत्यक्ष चाचणी अगदी सोपी आहे. मीटरच्या पाठीमागचा केबलचा नट सोडवून केबल बाहेर घ्यावी, गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी हळूहळू पुढे ढकलावी आणि तिसऱ्याने तारेचे चौकोनी टोक पाहावे. स्टिअरिंगवर एक माणूस असणे आणि ब्रेक त्याच्या पायाखाली असणे आवश्यक आहे. टोक एकसारखे फिरत असेल तर पिनियन आणि केबल काम करत आहेत आणि दोष मीटरकडे आहे. फिरत असेल पण अडखळत, तर तार वाकली आहे. मुळीच फिरत नसेल तर तार वरून ओढून काढावी. ती पूर्ण लांबीची निघाली तर पिनियनकडे वळावे. अर्धीच निघाली तर उरलेला तुकडा खालच्या टोकाकडून काढावा लागतो आणि तो जपून काढावा, कारण तुटल्याची जागा हाच या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

तुटलेले दोन्ही तुकडे पुसून स्वच्छ कागदावर टोकाला टोक लावून ठेवावेत. ही तार म्हणजे एकावर एक उलटसुलट दिशांनी गुंडाळलेल्या बारीक तारांचे थर असतात. तुटलेल्या टोकाशी हे थर उलगडून फुगले असतील आणि तारा पिळवटलेल्या दिसत असतील, तर एक टोक अडकले आणि दुसरे फिरत राहिले, असे झाले आहे. तुटण्याची जागा मीटरच्या जवळ असेल तर संशय थेट मीटरवर घ्यावा. मोडीजवळ तारेची एकच बाजू घासून चकचकीत झाली असेल, तर आवरणाच्या एखाद्या तीव्र वळणात ती सतत एका कडेला दाबली जात होती; दोन्ही तुकडे गाडीवरील मार्गाशी जुळवून पाहिले की ते वळण नेमके सापडते. खालच्या टोकाजवळ तांबूस भुकटी आणि गंजाने खाल्लेल्या तारा दिसल्या तर आवरणात पाणी शिरले आहे. नाल्यातून किंवा खोल चिखलातून जाणाऱ्या गाडीत हे नेहमीच घडते, कारण ट्रान्सफर केसजवळचे टोक सर्वांत खाली असते आणि आवरणाचे प्लॅस्टिक फाटले असेल तर आत गेलेले पाणी तिथेच साचून राहते.

तार तुटलेली नसली तरी ती सरळ आहे का हे डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. तार सपाट टेबलावर लांब पसरावी आणि एक टोक बोटांच्या चिमटीत धरून सावकाश फिरवावे. सरळ तार जागच्या जागी फिरते. वाकलेली तार दर फेऱ्याला एका ठिकाणी उचलली जाते आणि पुन्हा टेबलावर आपटते. त्या जागेवर बोट ठेवले तर बाक स्पष्ट जाणवतो. अशी तार हाताने सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, कारण थर एकदा सरकले की ते पूर्ववत बसत नाहीत. त्याच वेळी दोन्ही चौकोनी टोके भिंगातून पाहावीत. कडा धारदार असाव्यात. त्या गोलसर आणि गुळगुळीत झाल्या असतील तर तार भार आल्यावर स्पिंडलमध्ये किंवा पिनियनमध्ये नुसती घसरते, आणि काटा मधूनच पडून मधूनच उठतो.

मीटर जड झाले आहे का

वारंवार तार तुटण्यामागे मला सर्वांत अधिक दोषी वाटते ते जड झालेले मीटर, आणि सर्वांत कमी तपासले जाते तेही तेच. जुन्या केबलचा चौकोनी टोकाचा बोटभर तुकडा कापून ठेवावा, मीटर डॅशबोर्डमधून बाहेर काढावे, आणि तो तुकडा स्पिंडलमध्ये घालून दोन बोटांनी फिरवावा. स्पिंडल हलका, एकसारखा फिरला पाहिजे आणि झटका दिल्यावर काटा किंचित उचलून परत खाली आला पाहिजे. फिरवताना खरखर लागली, प्रत्येक फेऱ्यात एक जड जागा आली किंवा बोटांना जोर लावावा लागला, तर हे मीटर नवी तारही तोडणार आहे. ओडोमीटरचे अनेक आकडे एकाच वेळी पलटतात तेव्हा भार सर्वाधिक असतो; ९९९ वरून १००० वर जाताना स्पिंडल जड होत असेल तर अडथळा आकड्यांच्या चाकांत आहे.

कोरड्या बुशला हलक्या, घड्याळासाठी वापरतात तशा तेलाचा एक थेंब पुरतो, आणि तो स्पिंडलच्या तोंडाशी सुईच्या टोकाने द्यावा. गंज सोडवणारा स्प्रे मीटरच्या मागून मारण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती मीटरला घातक आहे. त्याने आवाज तात्पुरता बंद होतो, पण तेल वाटीपर्यंत पोहोचते, त्याला धूळ चिकटते आणि काटा जड होतो. स्प्रिंग वाकवून किंवा काटा उपटून पुन्हा बसवून वेग दुरुस्त करण्याचा मोहही टाळावा. चुंबक क्षीण झाला असेल किंवा स्प्रिंग ताणली गेली असेल तर ते काम मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे, कारण त्याच्याकडे मीटर ठरावीक फेऱ्यांवर फिरवून काटा जुळवण्याची सोय असते.

हीच चाचणी घरी ढोबळपणे ड्रिल मशीनने करता येते, मात्र फेरे किती होत आहेत हे माहीत हवे. दर मैलाला १००० फेरे घेणारे मीटर १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेऱ्यांना) ताशी ६० मैल दाखवते. जपानी गाड्यांतील मीटर सामान्यतः दर किलोमीटरला ६३७ फेऱ्यांचे असते, म्हणजे ६३७ आरपीएमला ताशी ६० किलोमीटर. ड्रिल लावण्यापूर्वी गाडी पुढे ढकलताना तार कोणत्या दिशेने फिरते हे पाहून ठेवावे आणि त्याच दिशेने, अगदी हळू सुरुवात करून फिरवावे. उलट दिशेने फिरवल्यास ओडोमीटरवर ताण येतो आणि लांब तारेतून फिरवत असाल तर तिचा वरचा थर उलगडतो.

तेल कुठून चढते

मीटरच्या काचेवर आतून तेलकट थर दिसणे किंवा तारेचे वरचे टोक ओले असणे, हे ट्रान्सफर केसमधले तेल वर चढत असल्याचे चिन्ह आहे. पिनियनच्या घरात एक लहान ऑइल सील असतो. तो कडक पडला की तेल आवरणात शिरते आणि गुंडाळलेली तार फिरताना स्क्रूप्रमाणे ते वर नेते. त्यामुळे नुकसान दोन्हीकडे होते: वर मीटर बिघडते आणि खाली ट्रान्सफर केसमधील तेलाची पातळी कोणाच्या नकळत उतरत जाते. मीटरपेक्षा ट्रान्सफर केस कितीतरी महाग आहे, म्हणून वरचे टोक ओले दिसले की त्याच दिवशी तेलाची पातळी पाहावी.

सील बदलण्याआधी ट्रान्सफर केसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) मोकळा आहे का हे मात्र अवश्य तपासावे. चिखलात फिरणाऱ्या गाडीत तो चिखलाने बुजतो, तेल तापल्यावर आतला दाब बाहेर जायला वाट राहत नाही आणि तो दाब सर्वांत दुबळ्या सीलमधून तेल ढकलतो. ब्रीदर बुजलेला असताना बदललेला नवा सीलही लवकरच गळू लागतो. लँड रोव्हरच्या सीरीज गाड्यांमध्ये स्पीडोमीटरचा ड्राइव्ह ट्रान्समिशन ब्रेकला (मागच्या प्रोपेलर शाफ्टवर लागणाऱ्या हातब्रेकला) लागूनच आहे, त्यामुळे त्या भागातील गळतीचे तेल ब्रेकच्या लायनिंगपर्यंत पोहोचू शकते आणि प्रश्न स्पीडोमीटरपुरता राहत नाही.

पिनियन बाहेर काढल्यावर त्याचे दाते सगळीकडून पाहावेत. एकाच बाजूचे दाते सोलले गेले असतील तर वरची तार कधीतरी अडकली होती आणि शाफ्ट फिरत राहिला होता. तुटलेले नायलॉनचे कण तेलात गेलेले असतात, म्हणून अशा वेळी ट्रान्सफर केसचे तेल काढून बदलणे योग्य. पिनियन शाबूत असूनही तार फिरत नसेल तर वर्म गिअरकडे पाहावे. काही ट्रान्सफर केसमध्ये तो शाफ्टवर मागच्या फ्लँजच्या (प्रोपेलर शाफ्ट जोडण्याच्या चकतीच्या) नटाच्या दाबानेच धरलेला असतो. नट सैल पडला की वर्म शाफ्टवर घसरतो आणि स्पीडोमीटर कधी चालतो, कधी थांबतो. तेव्हा मागच्या प्रोपेलर शाफ्टचा फ्लँज हाताने हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर गाडी चालवणे थांबवून आधी तो नट ठरलेल्या टॉर्कने कसावा.

नवी केबल कशी बसवावी

केबलचा मार्ग हा या गाड्यांचा खास दुखरा भाग आहे. ट्रान्सफर केस चासीवर आणि मीटर बॉडीवर असल्यामुळे खडबडीत वाटेवर दोन्ही टोके एकमेकांच्या तुलनेत सतत हलत असतात. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे रबरी माउंट फाटलेले असतील तर हे हलणे आणखी वाढते आणि केबल दर झटक्याला ताणली जाते. बॉडी उंच केली असेल तर मूळ लांबीची केबल बहुधा आखूड पडते आणि टोकाशी सरळ ताणलेली दिसते. अशा गाडीत लांब केबलच हवी. क्लिपा काढून टाकून लांबी मिळवणे हा उपाय नाही, कारण मग केबल एक्झॉस्टवर लोंबते आणि आवरणाचे आतले अस्तर वितळून तारेला चिकटते.

कोणत्याही वळणाची त्रिज्या सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी आणि मीटरला जोडण्याआधीचे निदान ५ सेंटिमीटर सरळ असावेत. क्लिपांनी केबल धरावी, चिरडू नये. फायरवॉलमधील (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातील) रबरी बुश गायब असेल तर पत्र्याची धार आवरण कापते, म्हणून तो नवा बसवावा.

ग्रीस ग्राफाइटयुक्त आणि पातळ असावे व ते तारेला बोटांनी हलका लेप देऊन लावावे. वरचा सुमारे २० सेंटिमीटर भाग कोरडा पुसून घ्यावा, कारण ग्रीसही तेलाप्रमाणे वर चढते आणि मीटरमध्ये जाते. मीटरच्या बाजूला तार आवरणाबाहेर साधारण १० मिलिमीटर आली पाहिजे. ती कमी आली तर चौकोन अर्धवट बसून घसरतो. जास्त आली तर नट आवळताना ती स्पिंडलला आतून रेटते आणि नवे मीटरही जड होते. नट हातानेच आवळावा. तो शेवटपर्यंत हाताने बसत नसेल तर चौकोन छिद्रात गेलेला नाही, आणि अशा वेळी पक्कड लावली तर एकतर आटे जातात किंवा स्पिंडल.

सगळे चालते, पण आकडा खोटा आहे

ज्ञात अंतरावर ओडोमीटर आणि जीपीएसवर काट्याचा वेग, असे दोन्ही पडताळावे. दोन्हींतली चूक सारख्या प्रमाणात असेल तर टायर, पिनियन किंवा दुसऱ्या गाडीचे मीटर यांपैकी एकाचा मेळ बसत नाही. ओडोमीटर बरोबर आणि फक्त काटा चुकीचा असेल तर दोष चुंबक किंवा स्प्रिंगचा आहे आणि पिनियन बदलून काही साधणार नाही.

मेळ तपासण्यासाठी केबल वरून सोडवून, तारेच्या टोकाला कागदी खूण लावून, गाडी सरळ रेषेत मागच्या चाकाच्या बरोबर सहा फेऱ्यांइतकी ढकलावी आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजावे. समजा अंतर १३.५ मीटर भरले आणि तार ८.५ फेरे फिरली. तर किलोमीटरला सुमारे ६३० फेरे होतात. मीटर ६३७ चे असेल तर फरक जेमतेम एक टक्का आहे आणि तो सोडून द्यावा. ब्रिटिश स्मिथ्स मीटरच्या तबकडीवर दर मैलाच्या फेऱ्यांचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, त्याला १.६०९ ने भागले की किलोमीटरचे फेरे मिळतात. जुन्या गाडीत दुसऱ्या मॉडेलचे मीटर बसवलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही, म्हणून हा आकडा वाचल्याशिवाय टायरला दोष देऊ नये.

मोठे टायर बसवल्यावर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवते, आणि हीच चूक धोकादायक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक ३९ नुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, आणि जास्त असला तरी खऱ्या वेगाच्या दहाव्या भागात ४ किमी/तास मिळवून येईल तेवढाच. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ८० ते ९२ च्या दरम्यान असावा. खरा वेग ६० असताना काटा ५६ दाखवत असेल आणि सध्याचा पिनियन ३० दात्यांचा असेल, तर ३० ला ५६ ने गुणून ६० ने भागावे: २८ दात्यांचा पिनियन हवा. दाते कमी झाले की तार जास्त वेगाने फिरते. जीपच्या काही ट्रान्सफर केसमध्ये पिनियनचे घर मुद्दाम विकेंद्री असते आणि त्याच्या कडेवर दात्यांच्या संख्येचे गट कोरलेले असतात. नवा पिनियन त्याच गटात असेल तर घर आहे तसेच बसवावे, गट बदलला असेल तर ते फिरवून योग्य आकडा केसवरील खुणेशी आणावा, अन्यथा दाते नीट न जुळता नवा पिनियन लवकर झिजतो.